रास्पबेरी पाय पिको: यूएसबीची वायर जोडल्यावर काय होतं

पिको हा रास्पबेरी पायचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड २०२१च्या जानेवारीत चार डॉलरला बाजारात आला, तेव्हा सगळी चर्चा झाली ती किमतीची आणि त्यावरच्या आरपी२०४० या चिपची. दोन कॉर्टेक्स-एम०+ कोअर, १३३ मेगाहर्ट्‌झ, २६४ केबी रॅम, २ एमबी फ्लॅश, हे आकडे कुठल्याही माहितीपत्रकात सापडतील. इथे हा बोर्ड एकाच बाजूने तपासला आहे: संगणकाला यूएसबीने जोडला की तो कसा वागतो, कुठे अडतो आणि का अडतो. नव्या माणसाचा पहिला तास याच भानगडीत जातो, आणि ‘डेड’ म्हणून बाजूला पडलेले बोर्ड बऱ्याचदा ठणठणीत असतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. यूएसबीच्या बाबतीत चुका पोटात घालणारा इतका स्वस्त बोर्ड दुसरा शोधावा लागेल. पण त्यावर साधं रीसेटचं बटण नाही, ही काटकसर मात्र अजिबात पटत नाही.

दुभाष्या नसलेला बोर्ड

आर्डुइनो नॅनोवर किंवा ईएसपी३२च्या नेहमीच्या डेव्हकिटवर यूएसबीचं काम एक वेगळी चिप सांभाळते. स्वस्त नॅनोवर ती सीएच३४० असते, डेव्हकिटवर सीपी२१०२ किंवा पुन्हा सीएच३४०च. मुख्य चिपमधला प्रोग्राम अडकला, कोसळला, झोपी गेला, तरी संगणकाला पोर्ट दिसत राहतं. कारण ते पोर्ट मुळात त्या दुभाष्या चिपचं असतं.

पिकोवर दुभाष्या नाही. यूएसबीचा कंट्रोलर आरपी२०४०च्या पोटातच आहे, सेकंदाला १२ मेगाबिटचा, आणि तो चालवायची जबाबदारी आपल्या प्रोग्रामची. मायक्रोपायथन (छोट्या चिपसाठीचं पायथन) टाकलं असेल तर ते चालवतं. सी भाषेत लिहिलं तर एसडीकेतली (कंपनीच्या साधनसंचातली) टायनीयूएसबी ही लायब्ररी चालवते, तीसुद्धा आपण सांगितलं असेल तरच. प्रोग्राम मेला की पोर्टही नाहीसं होतं. दिवा लुकलुकतोय पण कॉम पोर्ट (विंडोजमधलं सीरियल पोर्टाचं नाव) दिसत नाही, अशी तक्रार असेल तर दहापैकी नऊ वेळा बोर्ड बिघडलेला नसतो. त्यातल्या प्रोग्रामने यूएसबी सुरूच केलेली नसते.

याची दुसरी बाजू गोड आहे. मध्ये कुणी नसल्यामुळे पिको स्वतः कीबोर्ड, माउस, मिडी वाद्य किंवा एकाच वेळी दोन सीरियल पोर्ट होऊ शकतो. सीएच३४०वाल्या नॅनोला यातलं काहीच जमत नाही, कारण त्याचा दुभाष्या फक्त सीरियलची भाषा बोलतो.

आधी केबल

बोर्डावर मायक्रो-यूएसबीचं सॉकेट आहे, आणि घरात पडलेल्या मायक्रो-यूएसबी केबलींपैकी बऱ्याच नुसत्या चार्जिंगच्या असतात. त्यांत पाच व्होल्ट आणि ग्राउंड अशा दोनच तारा असतात, डेटाच्या दोन नसतातच. दुकानात मागताना, मग ते लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, ‘डेटा केबल’ असंच सांगा आणि एक मीटरहून लांब घेऊ नका.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पिकोवर वीज दाखवणारा दिवाच नाही. जो हिरवा दिवा दिसतो तो जीपी२५ या पिनवर आहे आणि प्रोग्रामने लावला तरच लागतो. त्यामुळे कोरा करकरीत पिको जोडल्यावर काहीही पेटत नाही, आणि माणूस घाबरतो. मल्टिमीटर असेल तर ४० नंबरच्या पिनवर (व्हीबस) ग्राउंडच्या तुलनेत पाचच्या आसपास व्होल्ट हवेत आणि ३६ नंबरच्या पिनवर ३.३. ग्राउंडसाठी मधली ३८ नंबरची पिन सोयीची. दोन्ही आकडे बरोबर आणि तरीही संगणक ढिम्म, म्हणजे संशय डेटाच्या तारांवर.

कोऱ्या पिकोवर ही चाचणी फारच सोपी आहे. फ्लॅशमध्ये चालवण्याजोगं काही नसलं की चिप कुठलंही बटण न दाबता आपोआप बूटलोडरमध्ये, म्हणजे नवा प्रोग्राम भरून घेण्याच्या अवस्थेत, जाते आणि ‘आरपीआय-आरपी२’ नावाचा ड्राइव्ह उघडतो. नवा बोर्ड जोडला आणि ड्राइव्ह आला नाही, तर दुसरी केबल, मग दुसरं पोर्ट, मग मधला हब काढून थेट जोडणी, या क्रमाने जा. बोर्डावर शेवटी संशय घ्या.

लिनक्सवर कर्नलचे संदेश पाहिले तर निदान आणखी नेमकं होतं. केबल घातल्यावर एकही नवी ओळ आली नाही, तर डेटाच्या तारा पोहोचतच नाहीत. फुल-स्पीड यंत्र आपण आल्याची वर्दी डी-प्लस या तारेवर दीड किलो-ओहमच्या पुल-अपने, म्हणजे तार वर खेचणाऱ्या रेझिस्टरने, देतं. ती तारच नसेल तर संगणकाला कुणी आल्याचं कळणार कसं? ओळी आल्या पण त्यांत उणे ७१ किंवा उणे ११० हे त्रुटीचे आकडे असले, तर वर्दी पोहोचली आहे, पुढचं बोलणं फाटतंय. ७१ म्हणजे सिग्नल गढूळ, ११० म्हणजे उत्तर वेळेत आलं नाही. सैल सॉकेट, लांब केबल, भुक्कड हब ही नेहमीची कारणं. मात्र बूटलोडरमध्ये बोर्ड नीट दिसतो आणि आपला प्रोग्राम टाकल्यावरच ११० येतो, तर दोष प्रोग्रामचा: इंटरप्ट (तातडीच्या कामासाठी प्रोग्रामला थांबवणारी हाक) बंद ठेवून तो कुठेतरी अडकला आहे.

एक जुनं दुखणंही माहीत असावं. आरपी२०४०च्या सुरुवातीच्या बी० आणि बी१ या आवृत्त्यांत गर्दीच्या यूएसबी बसवर, म्हणजे हबवर बरीच यंत्रं असताना, रीसेटमधून बाहेर न पडण्याचा दोष होता. एसडीकेमध्ये त्यावर तोडगा आहे, पण तो जीपीआयओ१५ ही पिन काही क्षण वापरतो. चिपवर ‘आरपी२-बी२’ असं छापलेलं असेल तर हा प्रश्न उरलेला नाही.

बूटसेल: या बोर्डाची खरी कमाई

बोर्डावरचं बूटसेल हे पांढरं बटण दाबून ठेवा, केबल घाला, दोन सेकंदांनी बटण सोडा. ड्राइव्ह येतो. त्यावर यूएफ२ प्रकारची फाइल टाका, बोर्ड स्वतः रीसेट होतो आणि नवा प्रोग्राम चालू. प्रोग्रामर नको, ड्रायव्हर नको, वेगळं सॉफ्टवेअरही नको.

आतली गंमत अशी. हे बटण फ्लॅश चिपच्या ‘चिप सिलेक्ट’ या तारेला खाली खेचतं. सुरू होताना बूटरॉम (चिपमधला कायमचा सुरुवातीचा प्रोग्राम) ती तार बघतो, आणि ती खाली दिसली की फ्लॅशकडे न वळता यूएसबी ड्राइव्ह म्हणून उभा राहतो. हा बूटरॉम १६ केबीचा आहे आणि सिलिकनमध्येच कोरलेला आहे, त्यामुळे कितीही वेडावाकडा प्रोग्राम टाकला तरी तो पुसला जात नाही. नॅनोमधला बूटलोडर उडाला तर दुसरा प्रोग्रामर शोधावा लागतो. पिकोवर ती वेळच येत नाही. विद्यार्थ्यांच्या हातात द्यायला हा बोर्ड चांगला म्हणतात, त्याचं एवढं एक कारणही पुरेसं आहे.

ड्राइव्ह १२८ एमबीचा दिसतो आणि फ्लॅश आहे २ एमबीची. तो ड्राइव्ह म्हणजे निव्वळ देखावा आहे. यूएफ२ फाइल ५१२ बाइटच्या ठोकळ्यांची बनलेली असते, प्रत्येकात प्रत्यक्ष माल २५६ बाइट, बाकी पत्ता आणि ओळखीच्या खुणा. बूटरॉम ठोकळा ओळखतो, त्यातला पत्ता बघतो आणि माल फ्लॅशमध्ये त्या जागी ठेवतो. त्यामुळे पीडीएफ किंवा पायथनची फाइल त्या ड्राइव्हवर टाकली तर काहीच होत नाही, ती कुठे साठतही नाही. नवखा माणूस इथे हमखास फसतो: पायथनची फाइल या ड्राइव्हवर टाकायची नसते, आधी मायक्रोपायथनचं यूएफ२ टाकायचं असतं.

प्रत्येक ठोकळ्यात चिपच्या घराण्याचा क्रमांकही असतो. पिको २ या नंतरच्या बोर्डासाठी बनवलेलं यूएफ२ पहिल्या पिकोवर टाकलं तर ते मुकाट्याने दुर्लक्षित होतं, चूक सांगणारा संदेश येत नाही. फाइल टाकली, बोर्ड रीसेट झाला नाही, ड्राइव्ह तसाच राहिला, तर आधी फाइल कुठल्या चिपची आहे ते तपासा.

फाइल टाकून झाल्यावर मॅक ‘डिस्क नीट बाहेर काढली नाही’ म्हणून ओरडतो, कधीकधी विंडोजही कुरकुरतं. शेवटचा ठोकळा मिळताक्षणी बोर्ड ड्राइव्ह मोडून उठतो, म्हणून ही हाकाटी. लक्ष देऊ नका. मॅकओएस व्हेंच्युरा १३.० मध्ये मात्र फाइंडरमधून ओढून टाकलेली यूएफ२ खरोखरच पोहोचत नव्हती. टर्मिनलमधून सीपी आज्ञेला मोठा एक्स हा पर्याय देऊन काम होत असे, आणि १३.१ मध्ये ते दुरुस्त झालं.

दोन-तीन बोर्ड एकाच वेळी बूटलोडरमध्ये ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना: या अवस्थेत सगळ्या आरपी२०४०चा यूएसबी सीरियल क्रमांक एकच असतो. नावाने त्यांना वेगळं काढता येत नाही. पिकोटूल या कमांडलाइन साधनाला बस आणि पत्ता सांगावा लागतो, नाहीतर सरळ एकेक जोडा. वर्गात तीस बोर्ड भरायचे असतील तर एकेक जोडण्याचाच मार्ग बरा.

रीसेट बटणाची उणीव

बूटलोडरमध्ये जायचं तर दर वेळी केबल उपसून पुन्हा घालायची. दिवसात चाळीस वेळा हे केलं की पहिलं काय जातं? सॉकेट. ते बोर्डावर पृष्ठभागावर सोल्डर केलेलं आहे आणि आडव्या ताणाने उचकटतं. सॉकेट उपटलंच तर मागच्या बाजूला टीपी२ आणि टीपी३ या चकत्यांवर डी-मायनस आणि डी-प्लस अनुक्रमे मिळतात, टीपी१वर ग्राउंड, आणि पाच व्होल्ट ४० नंबरच्या पिनवर. जुन्या केबलच्या चार तारा तिथे सोल्डर करून बोर्ड वाचवता येतो. पण मुळात ही वेळ येऊ देऊ नये.

उपाय पाच रुपयांच्या आतबाहेरचा आहे. ३० नंबरची पिन म्हणजे रन, २८ नंबरची ग्राउंड. दोन्हींच्या मध्ये ब्रेडबोर्डवर एक पुश बटण लावा. ते दाबलं की चिप रीसेट. बूटसेल दाबून धरा, हे बटण दाबून सोडा, मग बूटसेल सोडा: ड्राइव्ह हजर, केबलला हातही लागला नाही. पिको घेतल्यावर पहिलं काम हेच करा, दिवा लुकलुकवणं नंतर. २०२४च्या ऑगस्टमध्ये पाच डॉलरला आलेल्या पिको २वरही कंपनीने हे बटण दिलेलं नाही आणि सॉकेटही मायक्रोच ठेवलं. साडेतीन वर्षांत एवढं तरी सुधारायला हरकत नव्हती.

बटणाशिवायचे मार्गही आहेत, पण ते प्रोग्राम जिवंत असेल तरच चालतात. एसडीकेच्या यूएसबी सीरियलमध्ये एक युक्ती ठेवली आहे: संगणकाने पोर्ट १२०० बॉड या वेगाने उघडलं की बोर्ड बूटलोडरमध्ये उडी मारतो. आर्डुइनो आयडीई हेच वापरतं. म्हणून टर्मिनलमध्ये उगाच १२०० निवडू नका, बोर्ड हातातून निसटेल. पिकोटूलमध्ये सक्तीचा पर्याय दिला की चालू प्रोग्राम थांबवून, नवा भरून, परत सुरू करण्यापर्यंत सगळं एका आज्ञेत होतं. मायक्रोपायथनमध्ये मशीन मॉड्यूलमधलं बूटलोडर हे फंक्शन तेच करतं.

विंडोज, लिनक्स, मॅक

विंडोज १० आणि ११वर सीरियल पोर्टासाठी काही बसवावं लागत नाही, पोर्ट सीडीसी या प्रमाणित वर्गाचं असल्याने आतला ड्रायव्हर ते ओळखतो. सीएच३४०साठी ड्रायव्हर शोधत फिरलेल्यांना याचं मोल कळेल. फक्त पिकोटूल वापरायचं असेल तर बूटलोडरच्या ‘आरपी२ बूट’ या इंटरफेसला झॅडिग हे ड्रायव्हर बसवणारं साधन वापरून विनयूएसबी ड्रायव्हर द्यावा लागतो. तो देताना यादीत इंटरफेस १ निवडला आहे ना ते दोनदा पाहा. चुकून ड्राइव्हवाल्या इंटरफेस ०ला दिला तर ड्राइव्ह दिसायचाच बंद होतो, आणि मग डिव्हाइस मॅनेजरमधून तो ड्रायव्हर काढत बसावं लागतं.

मायक्रोपायथनवरून सी प्रोग्रामवर गेलात की कॉम पोर्टचा क्रमांक बदलतो. विक्रेता क्रमांक तोच, २ई८ए, पण उत्पादन क्रमांक वेगळा, म्हणून विंडोजला ते वेगळं यंत्र वाटतं. आपल्या पायथन प्रोग्रामात ‘कॉम ५’ असं कोरून ठेवू नका. पायसीरियल या लायब्ररीच्या पोर्ट-यादीतून २ई८ए शोधा आणि जो सापडेल तो उघडा.

लिनक्सवर पोर्ट एसीएम० या नावाने येतं, सीएच३४०सारखं यूएसबी० नाही. ‘परवानगी नाही’ असं उत्तर आलं तर स्वतःला डायलआउट गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. नुसतं नवं टर्मिनल उघडून गट लागू होत नाही, इथे बरेच जण अर्धा तास घालवतात. सूडोने चालवायची सवय लावू नका. पिकोटूलसाठी यूएसबी यंत्राची परवानगी ठरवणारा वेगळा यूडेव्ह नियम लागतो, तो पिकोटूलच्या सोर्ससोबतच मिळतो. जुन्या लिनक्स आवृत्त्यांवर मोडेममॅनेजर नवं एसीएम पोर्ट दिसलं की तो मोडेम समजून त्याला प्रश्न विचारत बसतो. जोडल्याबरोबर पहिले काही सेकंद पोर्ट ‘व्यस्त’ असेल किंवा बोर्डाकडे भलतीच अक्षरं जात असतील तर त्याला बंद करून पाहा. उबुंटू २२.०४वर सीएच३४०ची पोर्टं पळवणारा बीआरएलटीटीवाय (ब्रेल पडद्यांसाठीचा प्रोग्राम) हा वेगळा त्रास, पिकोला तो होत नाही.

विंडोजच्या आत लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल२ वापरत असाल तर तिथे यूएसबी आपोआप पोहोचत नाही. यूएसबीआयपीडी नावाचं साधन बसवून बोर्ड आत सोडावा लागतो. बोर्ड बूटलोडरमध्ये गेला की संगणकाच्या लेखी ते नवं यंत्र, त्यामुळे जोडणी तुटते. त्या साधनातला आपोआप-जोडणीचा पर्याय चालू ठेवा, किंवा यूएफ२ सरळ विंडोजमधून ड्राइव्हवर टाका. दुसरा मार्ग कमी डोकेदुखीचा.

मॅकवर एकाच बोर्डाची दोन नावं दिसतात, एक टीटीवायने सुरू होणारं आणि एक सीयूने. सीयूचं घ्या. टीटीवायवालं समोरून कॅरियरची खूण यायची वाट पाहत बसू शकतं.

मायक्रोपायथनचे सापळे

थॉनी हे पायथनचं एडिटर उघडलं, खाली उजवीकडे मायक्रोपायथन (रास्पबेरी पाय पिको) निवडलं, की सहसा लगेच बोर्ड आज्ञा घ्यायला तयार असल्याची तीन बाणांची खूण दिसते. दिसली नाही तर थॉनीतलं थांबवायचं लाल बटण दाबा. तरी नाही, तर दुसऱ्या कुठल्या टर्मिनलने पोर्ट धरून ठेवलं आहे का ते बघा. एका वेळी एकच प्रोग्राम पोर्ट नीट वापरू शकतो. व्हीएस कोडचं एक्स्टेंशन मागे उघडं राहिलेलं असतं, हे नेहमीचं.

खरा पेच ‘मेन’ या नावाच्या पायथन फाइलचा आहे. ती बोर्ड सुरू होताच चालते. त्यात अखंड लूप असला तरी कंट्रोल-सी सहसा थांबवतं. पण त्यात लाइटस्लीप ही चिपला झोपवणारी आज्ञा असेल तर यूएसबीचं घड्याळच थांबतं आणि पोर्ट नाहीसं होतं, कंट्रोल-सी पाठवणार कुणाला? वॉचडॉग (ठरल्या वेळेत खूण न मिळाल्यास चिप रीसेट करणारा टायमर) सुरू केला असेल तर आणखी मजा. तो एकदा चालू झाला की मायक्रोपायथनमधून बंद करता येत नाही आणि त्याची कमाल मुदत ८३८८ मिलिसेकंद आहे. तुम्ही प्रोग्राम थांबवता, फाइल दुरुस्त करायला लागता आणि आठ सेकंदांत बोर्ड रीसेट.

इथे लोक बूटसेल दाबून मायक्रोपायथनचं यूएफ२ पुन्हा टाकतात, आणि दुखणं जसंच्या तसं राहतं. कारण फाइली फ्लॅशच्या शेवटच्या भागात असतात आणि फर्मवेअर पुढच्या भागात. फर्मवेअर बदललं तरी ती मेन फाइल जागच्या जागी. अशा वेळी रास्पबेरी पायचं ‘फ्लॅश न्यूक’ हे यूएफ२ टाकायचं. ते सगळी फ्लॅश पुसतं, मग मायक्रोपायथन नव्याने टाकायचं. फाइलींची प्रत संगणकावर नसेल तर त्या गेल्या, हे आधी लक्षात घ्या. आणि पुढच्या वेळी मेन फाइलच्या पहिल्या ओळीत तीन सेकंदांची विश्रांती टाका. झोप किंवा वॉचडॉग सुरू होण्याआधी कंट्रोल-सी दाबायला तेवढी फट पुरते.

संगणकावरून बोर्डाला आकडे किंवा कच्चे बाइट पाठवायचे असतील तर आणखी एक गोष्ट आड येते. ज्या पोर्टावर तीन बाणांची खूण दिसते त्याच पोर्टावरून तुमचा डेटा जातो. त्यात ३ हा बाइट आला की बोर्डाला तो कंट्रोल-सी वाटतो आणि प्रोग्राम थांबतो. मायक्रोपायथन मॉड्यूलमधल्या केबीडी-इंटर या फंक्शनला उणे १ दिला की ही राखण उठते. डेटा बाहेर पाठवताना प्रिंटऐवजी स्टँडर्ड आउटपुटच्या बफरवर लिहा, नाहीतर प्रत्येक नव्या ओळीच्या खुणेआधी एक जादा बाइट घुसतो आणि मोजमाप सरकतं.

थॉनी नको असेल तर एमपीरिमोट हे अधिकृत साधन छान आहे. पिपने बसतं, फाइल ने-आण करतं, आणि संगणकावरची फाइल बोर्डावर न साठवता नुसती चालवूनही दाखवतं. प्रयोग चालू असताना हाच मार्ग धरावा. बोर्डावर मेन फाइलच नसेल तर वरचा पेच उद्भवत नाही.

सी भाषेत लिहिताना

एसडीकेमध्ये सीमेकच्या फाइलीत यूएसबी स्टँडर्ड आयओ १ आणि यूएआरटी (पिनांवरचं सीरियल) ० असं लिहावं लागतं. हे विसरलं तर प्रिंटएफचं सगळं बोलणं जीपी०वर, म्हणजे पहिल्या पिनवर जातं, आणि संगणकावर शांतता. लिहिलं तरी सुरुवातीच्या ओळी हरवतात. बोर्ड सुरू होऊन छापायला लागतो तेव्हा संगणकाने अजून पोर्ट उघडलेलंही नसतं. उघडेपर्यंत थांबणारी एक ओळ घाला, किंवा जोडणीची वाट पाहण्याची मुदत मिलिसेकंदांत ठरवून द्या. मात्र अमर्याद वाट पाहणारा प्रोग्राम बॅटरीवर लावू नका. संगणक नसेल तिथे तो जन्मभर वाट पाहील.

सी-शार्पमध्ये संगणकाची बाजू लिहिणाऱ्यांनी डीटीआर ही ‘मी तयार आहे’ सांगणारी खूण चालू करायला विसरू नये. डॉटनेटच्या सीरियलपोर्टमध्ये ती मुळात बंद असते, आणि पिको डीटीआर पाहूनच समोर कुणी आहे असं मानतो. पायसीरियल ती स्वतःहून चालू करतं, म्हणून पायथनमध्ये चालतं आणि सी-शार्पमध्ये नाही, असा चकवा लागतो.

बॉडचा आकडा इथे शोभेचा. ९६०० ठेवा की ११५२००, वेग तोच, कारण मध्ये खरी सीरियल तारच नाही. वेगाची मर्यादा यूएसबीची: एक मिलिसेकंदाच्या फ्रेममध्ये ६४ बाइटची जास्तीत जास्त १९ पॅकेटं. प्रत्यक्षात त्याहून कमी मिळतं, तरी सेन्सरच्या कामाला ते भरपूर. टर्मिनल उघडं आहे पण समोरचा प्रोग्राम वाचत नाही, असं झालं तर प्रिंटएफ अर्ध्या सेकंदापर्यंत अडून बसतो. मोटर चालवताना मधूनच झटके बसतात, त्याचं कारण पुष्कळदा हेच निघतं.

वीज

यूएसबीचे पाच व्होल्ट एका शॉट्की डायोडमधून व्हीसिस या ३९ नंबरच्या पिनवर येतात आणि तिथून ३.३ व्होल्ट बनतात. बाहेरचा पाच व्होल्टचा पुरवठा यूएसबी जोडलेली असताना द्यायचा असेल तर तो व्हीसिसवर, आणि मध्ये दुसरा शॉट्की डायोड लावून द्या. ४० नंबरच्या व्हीबसवर थेट दिला तर वीज उलटी संगणकाच्या पोर्टात शिरते. ३.३ व्होल्टच्या पिनवरून ३०० मिलिअँपियरच्या आतच घ्या. सर्वो मोटर तिथून चालवली की व्होल्टेज ढासळतं, चिप रीसेट होते आणि पोर्ट येत-जात राहतं. त्याला मग लोक ‘यूएसबीचा प्रॉब्लेम’ म्हणतात.

घ्यायचा कोणता

शिकायला साधा पिको किंवा पिको २, पण एच अक्षराचा, ज्यावर पिना आधीच सोल्डर केलेल्या असतात. वायफाय हवं तर डब्ल्यू. फक्त पिको डब्ल्यूवर साध्या पिकोचं मायक्रोपायथन टाकू नका. दिवा तिथे वायफाय चिपला जोडलेला आहे, तो पेटणार नाही आणि वायफायही मिळणार नाही. रोज पन्नास वेळा प्रोग्राम भरणार असाल तर वेव्हशेअरचा आरपी२०४०-झिरो किंवा सीडचा झियाओ आरपी२०४० बघा. दोन्हींवर टाइप-सी सॉकेट आहे आणि बूट व रीसेट अशी दोन्ही बटणं. पिना मात्र कमी मिळतात.

बिननावाच्या टाइप-सी बोर्डांत एक खोट आढळते: सॉकेटच्या सीसी पिनांवर ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर हवेत, ते वाचवलेले असतात. असा बोर्ड ए-टू-सी केबलवर चालतो आणि सी-टू-सी केबलवर मेल्यासारखा पडतो, कारण समोरचं पोर्ट वीजच सोडत नाही. बोर्ड परत करण्याआधी जुनी ए-टू-सी केबल लावून बघा.

आणि सी भाषेत मन लावून काम करणार असाल तर एकाऐवजी दोन पिको घ्या. दुसऱ्यावर डीबगप्रोबचं यूएफ२ टाका, तो पहिल्याला एसडब्ल्यूडीच्या, म्हणजे डीबगिंगच्या, तीन तारांनी आणि यूएआरटीच्या दोन तारांनी जोडा. मग प्रिंटएफ दुसऱ्या पिकोमार्फत येतं आणि पहिल्यातला प्रोग्राम कितीही वेळा कोसळला तरी संगणकावरचं पोर्ट हलत नाही. चार डॉलरमध्ये दुभाष्या परत मिळतो.